घरच्या कट्यारीचे वय

खंडेनवमीला जुन्या मराठी घरांतून पाटावर शस्त्रे मांडली जातात. त्या पाटावरच्या प्रत्येक वस्तूला एक कथा असते. आपल्या भोपाळात ही घरे निरनिराळ्या वाटांनी आली. कोणी ग्वाल्हेर-इंदूरकडून आले, कोणी धार-देवासहून. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी येथे झाली, तेव्हा कचेऱ्यांच्या दप्तरांबरोबर नागपूरचीही पुष्कळ मंडळी आली. सामानात देव आले, पोथ्या आल्या, तानपुरे आले, आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कट्यारही आली. तिच्याविषयी विचारावे तर उत्तर बहुधा ठरलेले असते. एक घर म्हणते, "शिवकाळातली आहे." दुसरे म्हणते, "अस्सल स्पेनचे पोलाद आहे हो, वाकवले तरी मोडायचे नाही!"

या दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य असते आणि पुष्कळसे ऐकीव असते. त्यातले तथ्य किती व ऐकीव किती हे निवडता येते. त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. लागते ते नीट पाहणे. नेमके तेच आपल्या हातून होत नाही. सणाच्या आदल्या दिवशी आपण चिंच, राख किंवा कानसपेपर घेऊन बसतो, आणि ज्या बारीक खुणांवरून त्या शस्त्राचे गाव आणि वय सांगता आले असते, त्या खुणाच घासून टाकतो. म्हणून हा लेख.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय गाणे शिकविण्याचा. संस्थाने गेली तरी दसऱ्याला गादीपुढे हजेरी लावण्याची रीत ज्या दरबारी गवयांनी पाळली, त्यांपैकी माझे वडील होते. गवयाच्या घरात शस्त्राचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु शेला, पागोटे आणि कट्यार ही दरबारी मानाची लेणी होती. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले, त्यात राजगायकाच्या पदाची खूण म्हणून कट्यारच आहे. तेव्हा सूर आणि पाते यांचा शेजार आपल्याला परका नाही.

स्पेनचे पाते इकडे कसे आले?

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. पुढे १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल ही दोन्ही राज्ये एकाच राजाच्या छत्राखाली होती. त्या साठ वर्षांत स्पेनचा माल लिस्बनमार्गे गोव्यास उतरण्यास अडचण नव्हती. त्यात तलवारीची पातीही होती. पुढे इंग्रज व डच व्यापाऱ्यांनीही पाती आणून विकली. ही पाती सरळ, लांब, वजनाला बेताची असत, आणि दख्खनच्या घोडेस्वाराला ती आवडली. त्याने मूठ मात्र आपलीच ठेवली. अशा देशी मुठीच्या, परदेशी पात्याच्या तलवारीला मराठीत सरळ 'फिरंग' हे नाव पडले.

याचे उत्तम उदाहरण नुकतेच आपल्यापुढे आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार मिळविली. पाते युरोपात घडलेले, मूठ मराठी धाटणीची. पात्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हे पद आहे, आणि त्याच ओळीत 'फिरंग' हा शब्दही आहे. म्हणजे पाते परक्याचे आहे हे लपविण्याची त्या सरदाराला गरज वाटली नाही. त्याने ते अभिमानाने पात्यावरच कोरून घेतले.

कट्यारीतही हाच प्रकार घडला. लांब तलवारीचे पाते मोडले की चांगले पोलाद टाकून कोण देणार? त्याचा हातभर तुकडा कट्यारीच्या आडव्या मुठीत बसविला जाई. तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रागारात अशा युरोपी पात्यांच्या कट्यारी पुष्कळ होत्या. काहींच्या मुठीवर हाताच्या रक्षणासाठी शिंपल्यासारखे सुंदर आच्छादन असे. यावरून घरच्या कट्यारीला 'स्पॅनिश' म्हणताना काय अभिप्रेत असावे, हे ध्यानात येईल. कट्यार देशी, पण तिचे पाते स्पेनचे असू शकेल, एवढाच त्याचा अर्थ.

खास स्पेनमध्ये घडलेल्या छोट्या शस्त्रांचे रूप अगदी निराळे. ग्रानादाच्या मुसलमानी राज्यात, म्हणजे १४९२ पूर्वी, कानांसारख्या दोन चकत्या मुठीच्या टोकाला असलेला खंजीर प्रसिद्ध होता. सतराव्या शतकातला डाव्या हाताचा खंजीर म्हणजे उजव्या हातातल्या तलवारीचा जोडीदार. त्याची आडवी पट्टी लांब व सरळ, आणि बोटांवर शिडासारखी त्रिकोणी, फुगीर ढाल. आल्बासेते गाव चाकूकात्र्यांसाठी नावाजलेले. तेथले घडीचे चाकू अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले. यांपैकी काही आपल्याकडच्या घरात निघाले, तर ते बहुधा कोणा साहेबाकडून किंवा गोव्याच्या प्रवासातून आलेले असावे. भालाफेकीच्या काळाशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

एका वस्तूची अनेक वये

पहिला नियम असा की, शस्त्राला एक वय नसते. गाणाऱ्यांना हे चटकन पटेल. एखाद्या तानपुऱ्याचा भोपळा आजोबांच्या वेळचा असतो, दांडी मध्ये कधी तरी बदललेली असते, खुंट्या परवाच्या आणि तारा काल चढविलेल्या. मग तानपुरा किती वर्षांचा? कट्यारीचेही तसेच. पाते एका शतकातले, मूठ दुसऱ्या शतकातली, सोन्याचे काम तिसऱ्या पिढीने करविलेले, आणि म्यानाची मखमल बहुधा सर्वांत नवी. म्हणून प्रत्येक भागाचे वय वेगळे काढावे. म्यानावरून पात्याचे किंवा मुठीवरून म्यानाचे वय ठरवू नये.

आता पाते पाहा. त्यावर लांबट पन्हळी असतील. पाते मुळातच कट्यारीसाठी घडविले असेल तर पन्हळी टोकाकडे हळूहळू निमुळत्या होऊन थांबतात, मध्ये उंच कणा असतो, आणि टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, कारण त्याने चिलखताच्या कड्या फोडायच्या असत. तेच पाते मोडक्या तलवारीचे असेल तर पन्हळी टोकापर्यंत जाऊन एकाएकी कापल्यासारख्या तुटतात. कारण टोक नव्याने घासून काढलेले असते. पात्यावर अक्षरे असली तर ती मध्येच खंडित होतात. अर्धा शब्द मुठीच्या पट्टीखाली दडलेला असतो. युरोपी तलवारीच्या मुळाशी बोट ठेवण्यासाठी बिनधारेचा जाड भाग असे. तो कट्यारीच्या मुठीजवळ दिसला, तर हा पाहुणा दुरून आला असे समजावे.

दुसरी खूण पोलादाची. दख्खनचे जुने मुशीतले पोलाद जगप्रसिद्ध होते. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी ते तयार होई आणि त्यासाठी इराणी व्यापारी येत. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. युरोपी पात्यावर अशी लहर नसते, ते सपाट करड्या रंगाचे असते. तेव्हा घरच्या कट्यारीवर खरा जौहर असेल तर ते पाते स्पेनचे नव्हे. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही; उलट ते अधिक मोलाचे असण्याचा संभव आहे. मात्र हल्ली तेजाबाने वरवर लहरी उठवितात. खरा जौहर पोलादाच्या अंगातच असतो, म्हणून तो पात्याच्या कडेवरही उतरलेला दिसतो. खोटा जौहर पृष्ठभागावरच राहतो, आणि तीच नक्षी पुनःपुन्हा येते.

तिसरी खूण जोडणीची. युरोपी तलवारीच्या पात्याचे शेपूट मुठीतून आरपार जाऊन टोकाला ठोकून बसविलेले असे. आपल्याकडे तलवारीचे आखूड शेपूट मुठीत लाखेने बसवीत, आणि फिरंगेत किंवा कट्यारीत पाते दोन पट्ट्यांमध्ये धरून रिबिटांनी पक्के करीत. या ठिकाणी यंत्राने आटे पाडलेला स्क्रू दिसला किंवा वीजजोडाचा डाग दिसला, तर तेवढी जोडणी तरी अलीकडची असे निश्चित समजावे.

येथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. काही लोक पात्याला नख मारून किंवा नाणे आपटून कान देतात आणि सांगतात, "ऐका, कसा षड्ज लागतो, तोलेदोचेच पोलाद!" वाचकहो, या परीक्षेवर विश्वास ठेवू नका. पट्टीचा नाद तिच्या लांबीवर, जाडीवर, ती कोठे धरली आहे यावर आणि सांधा घट्ट आहे की सैल यावर अवलंबून असतो. तेच पाते लाखेच्या मुठीत बसविले की मुके होते, आणि मोकळे टांगले की गाऊ लागते. नादावरून फार तर पात्याला चीर गेली आहे काय एवढा संशय घेता येईल. देश आणि शतक कानाला कळत नाही.

नाव आणि खोटे नाव

पात्यावरच्या खुणांचा विषय फार गमतीचा आहे. तोलेदोच्या कारागिरांची ख्याती एवढी की, १७६२ साली पालोमारेस नावाच्या गृहस्थाने तेथील ९९ शस्त्रकारांच्या खुणांची यादीच तयार केली. आदल्या वर्षी, १७६१ मध्ये, राजा तिसरा कार्लोस याने तोलेदोत सरकारी कारखाना काढला होता. या कारखान्याच्या मालावर, विशेषतः एकोणिसाव्या शतकात, कारखान्याचे नाव आणि साल घातलेले आढळते. त्यापूर्वीच्या पात्यावर साल क्वचितच. कारागिराचे किंवा गावाचे नाव पन्हळीत कोरलेले असे.

परंतु जेथे नाव मोठे तेथे नक्कल आलीच. जर्मनीतल्या झोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर खुशाल तोलेदोचे नाव घालीत, साहागुनसारख्या स्पॅनिश कारागिराचे नाव घालीत, किंवा उत्तर इटलीच्या आंद्रेआ फेरारा याचे. स्पेलिंग चुकलेले असले तर बहुधा हा जर्मन उद्योग. धावत्या लांडग्याची ओबडधोबड आकृती ही आधी पासाऊची आणि मग झोलिंगेनची खूण. एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन दातेरी चंद्रकोरींची खूण मूळची जिनोव्याकडची; पण ती जर्मनांनी उचलली, आणि आपल्याकडच्या लोहारांनीही हुबेहूब ठोकली. म्हणून खूण दिसली की काम संपले असे नव्हे. खूण, पन्हळ, पोलाद आणि जोडणी ही चारही एकच गोष्ट सांगत असतील तरच साक्ष धरावी.

अगदी अलीकडचा माल ओळखणे सोपे आहे. काळ्या पृष्ठभागावर सोनेरी नक्षी आणि ठसठशीत 'तोलेदो' अशी अक्षरे असलेले छोटे खंजीर प्रवाशांसाठी केलेले असतात. अमेरिकेने १८९० साली कायदा करून आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे भाग पाडले. तेव्हा 'स्पेनमध्ये तयार केलेले' असे इंग्रजीत लिहिलेला खंजीर त्यानंतरचा समजावा. तो कोणा पेशव्याच्या कमरेला असणे शक्य नाही.

सोन्याच्या कामाबद्दलही असेच. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक रेघा खरवडून त्यात सोन्याची तार ठोकतात. हे काम जुन्या पात्यावर नंतर केव्हाही करता येते. १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला, त्याला संस्थानिकांनी शस्त्रे नजर केली. अशा भेटींसाठी आणि प्रदर्शनांसाठी त्या काळात पुष्कळ शस्त्रे नव्याने सजविली गेली. झगमगाट जास्त असेल तर वय कमी असण्याचा संभव अधिक.

आकड्याचा घोटाळा

कट्यारीवर साल कोरलेले असले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असे वाटते. माळव्यात तर तेथूनच प्रश्न सुरू होतात. आपल्या या मुलखात तीन कालगणना नांदल्या. माळव्याचा विक्रम संवत, मराठ्यांचा शक, आणि भोपाळ दरबारचा हिजरी सन. बाजीरावसाहेबांनी याच भोपाळजवळ १७३७ च्या डिसेंबरात निजामाला कोंडले. तो एकच महिना तीन आकड्यांनी लिहिता येतो: संवत १७९४, शके १६५९, हिजरी ११५०.

आता कल्पना करा की एखाद्या कट्यारीवर नुसता '१६५९' हा आकडा आहे. घरचा तरुण तो इसवी सन समजतो. १६५९ म्हणजे प्रतापगड, प्रतापगड म्हणजे अफझलखान! झाले, दोन पिढ्यांत ती कट्यार थेट जावळीच्या खोऱ्यात जाऊन पोहोचते. वास्तविक तो आकडा शकाचा असेल, आणि शस्त्र बाजीरावाच्या काळातले असेल. तेही काही थोडे नव्हे. नियम एवढाच: शकात ७८ मिळवावे, संवतातून ५७ वजा करावे, आणि हिजरी सन चांद्र असल्यामुळे तो कोष्टकातच पाहावा. सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्याकडचा लोहार देवनागरीत इसवी सन कोरीत नसे, हेही स्मरणात असू द्यावे.

आकडा खरा असला तरी तो कशाचा आहे हे विचारावे लागते. बिकानेरच्या शस्त्रागारातील हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी अक्षरे टोचलेली आहेत. त्यांत अदोनीच्या मोहिमेतून आलेली दख्खनी हत्यारेही आहेत. ती नोंद शस्त्र तेथे जमा झाल्याची. घडले ते त्याआधी. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या मोठ्या घंटेवर १७२१ साल आहे. ते घंटा ओतल्याचे, आपल्या देवळात टांगल्याचे नव्हे. ती फिरंग्यांची घंटा आपल्याकडे त्यानंतर आली.

मोठ्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही

आपल्या घरच्या वस्तूबद्दल नक्की सांगता आले नाही तर कमीपणा मानू नये. शिवछत्रपतींच्या तलवारीबद्दलच पाहा. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात साताऱ्याच्या तलवारीचे पाते जिनोव्याचे म्हटले. कोल्हापूरकडून इंग्लंडच्या युवराजाला गेलेल्या, लंडनच्या राजसंग्रहातील 'जगदंबा' तलवारीचे पातेही युरोपीच. ते स्पेनचे असावे असे जाणकार मानतात. आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने २०२४ साली जी वाघनखे साताऱ्यास उसनी पाठविली, त्यांच्या पेटीवर ग्रँट डफचे नाव आहे, तरी ती तीच वाघनखे आहेत असे खात्रीने सांगता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच स्पष्ट केले आहे. आदर कमी होत नाही. पुरावा जेथवर जातो तेथवरच बोलायचे, इतकेच.

याउलट पुरावाच नष्ट झाला म्हणजे काय होते ते तंजावराने पाहिले. १८५५ साली तेथील भोसल्यांचे राज्य संपले. पुढच्या दहा वर्षांच्या आत राजवाड्यातले शस्त्रागार मोडण्यात आले. काही निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या. बाकीच्या ढिगांचे ढीग मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकले गेले. त्यांत कोणाची पाती होती, कोणत्या बंदरातून आली होती, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. वजनकाट्यावर फक्त लोखंडाचे वजन उरते.

हे एका सरकारने एका फटक्यात केले. आपण तेच घरोघर सावकाश करीत आहो. घराच्या वाटण्या होतात; मूठ एका भावाकडे, म्यान दुसऱ्याकडे. वाडा पाडून सदनिका होते आणि ट्रंक भंगारात जाते. जुन्या वस्तूंचा व्यापारी येतो, "स्पेनची असती तर चांगली किंमत दिली असती, ही साधी आहे," असे म्हणून स्वस्तात नेतो. आणि तीच वस्तू पुढे शिवकालीन स्पॅनिश म्हणून विकली जाते.

तेव्हा करावे काय? चिंच, राख, लिंबू, वाळू, कानसपेपर आणि पालिशचे चाक यांपासून शस्त्र दूर ठेवावे. मऊ सुती कापडाने धूळ पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. कातडी म्यान ओल धरते, म्हणून पाते पावसाळाभर म्यानात कोंडू नये. दोन्ही शेजारी ठेवावी, पण एकमेकांपासून तोडू नयेत. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंची, मुठीची, खुणांची आणि टोकाची छायाचित्रे घ्यावीत. घरात सांगितली जाणारी कथा कागदावर उतरवावी: कोणी सांगितली, केव्हा सांगितली. त्याच कागदावर, पण वेगळ्या रकान्यात, डोळ्यांना काय दिसते ते लिहावे. हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत. मग हा कागद घेऊन श्यामला हिल्सवरच्या राज्य संग्रहालयातील जाणत्यांना विचारावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशी असलेल्या मुलाबाळांना सांगून ठेवावे.

एवढे करूनही कट्यार स्पेनची निघेलच असे नाही. कदाचित ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या संस्थानी लोहाराने दसऱ्याच्या दरबारासाठी घडविलेली निघेल. तरी त्या लोहाराने ती हाताने घडविली, कोणा पूर्वजाने ती मानाने कमरेला लावली, आणि तीन-चार पिढ्यांतल्या बायकांनी दर नवमीला तिला हळदकुंकू वाहिले, हे तर खरेच आहे. तेवढे खरे, नीट लिहून, पुढच्या पिढीच्या हाती देता आले तर आपले काम झाले.